वर्गणी, लक्षवेधी आणि नमुना १९ : आमच्या शिक्षक संघटनेच्या विधिमंडळातील कामाचे परीक्षण

मुंबईतील खासगी अनुदानित शाळांत शैक्षणिक वर्ष सुरू झाले की संघटनेचे पावतीपुस्तक फिरू लागते. शाळा प्रतिनिधी मधल्या सुट्टीत पावत्या फाडतात, कोणी लगेच पैसे देतो, कोणी पगार होईपर्यंत थांबायला सांगतो, आणि या पैशांच्या बदल्यात नेमके काय मिळते हे विचारण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. शहरातील एका शिक्षक संघटनेचा मी बऱ्याच वर्षांचा सभासद आहे. तिची पतपेढी, दिनदर्शिका आणि गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार हे विषय बाजूला ठेवून, जे काम संघटना स्वतःचे मुख्य काम म्हणून सांगते त्याचेच परीक्षण येथे करत आहे. शिक्षकांचे प्रश्न विधिमंडळापर्यंत नेणे आणि त्यासाठी शिक्षकांना मतदार म्हणून संघटित करणे, हे ते काम. संघटनेचे नाव देत नाही. तिच्यासारख्या आणखी संघटना मुंबईत आहेत आणि त्यांच्या सभासदांनाही यातील बरेच ओळखीचे वाटेल.

या सेवेची मर्यादा आधी समजून घ्यावी लागते, कारण बहुतेक अपेक्षाभंग तिथेच जन्मतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ प्रमाणे विधान परिषदेच्या सुमारे एक द्वादशांश जागा शिक्षकांनी निवडून द्यायच्या असतात. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत अशा सात जागा आहेत आणि त्यांपैकी एक मुंबईची. शिक्षकांना सभागृहात स्वतःचा आवाज आहे हे खरे. परंतु अनुदानाच्या मागण्यांवर मतदान करण्याचा अधिकार फक्त विधानसभेला आहे, आणि धनविधेयक परिषद फार तर चौदा दिवस आपल्याजवळ ठेवू शकते. म्हणजे ज्या पैशांसाठी आपण आझाद मैदानावर बसतो, त्या पैशांवर आपला आमदार बोलू शकतो, मत देऊ शकत नाही. त्याच्या हाती उरतात ती साधने म्हणजे तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावे लागते), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी), औचित्याचा मुद्दा, अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले) आणि मंत्र्यांच्या दालनातील बैठक. शिवाय शिक्षकाच्या आयुष्यावर परिणाम करणारे बहुतेक निर्णय कायद्याने होतच नाहीत, ते शासन निर्णयाने होतात. त्यामुळे संघटना ज्याला विधिमंडळातील काम म्हणते, त्यातील मोठा भाग प्रत्यक्षात एखादा शासन निर्णय काढायला लावणे, दुरुस्त करायला लावणे किंवा थोपवणे एवढाच असतो. ही तक्रार नव्हे. ज्या संघटनेला हे नीट कळते तीच कामाची, आणि आमच्या संघटनेतील निदान एका खोलीला ते उत्तम कळते.

त्या खोलीत अधिवेशनापूर्वी शाळाशाळांतून प्रश्न मागवले जातात आणि एक निवृत्त मुख्याध्यापक ते तपासतात. मी एकदा आमच्या शाळेतील सहकाऱ्यांच्या वरिष्ठ वेतनश्रेणीच्या रखडलेल्या प्रस्तावांविषयी निवेदन घेऊन गेलो होतो. बारा वर्षांच्या सेवेनंतर ही श्रेणी मिळते, पण त्यासाठी विहित प्रशिक्षण व्हावे लागते, आणि ते प्रशिक्षण अनेक वर्षे नीट घेतलेच गेले नव्हते. पुढे २०२२ मध्ये ते ऑनलाइन झाले तेव्हा शिक्षकांकडून दोन हजार रुपये शुल्क घेण्यात आले. माझ्या निवेदनात 'घोर अन्याय', 'शिक्षकद्रोही धोरण' असे शब्द मुबलक होते. सरांनी लाल पेनने ते सगळे खोडले आणि समासात लिहिले, 'जावक क्रमांक? तारीख? प्रस्ताव सध्या कोणत्या टेबलावर?' मग शांतपणे समजावले की मंत्र्यांचे उत्तर खालून कार्यासन अधिकारी, म्हणजे मंत्रालयात त्या विषयाची फाइल हाताळणारा अधिकारी, तयार करतो आणि त्याला निसटायला जागा मिळाली की 'प्रकरण तपासून उचित कार्यवाही करण्यात येईल' हे वाक्य ठरलेलेच असते. उलट प्रश्नातच क्रमांक, तारीख आणि कार्यालय असेल तर निदान ती फाइल शोधावी तरी लागते. प्रश्न छापून आला तेव्हा तो चार ओळींचा होता, त्यात एकही विशेषण नव्हते, आणि शिक्षण निरीक्षक कार्यालयातून आमच्या शाळेला दूरध्वनी आला तो त्या प्रश्नाचे उत्तर सभागृहात दिले जाण्याच्या आधीच. वर्गणी कशासाठी भरावी असे कोणी विचारले तर मी या खोलीकडे बोट दाखवतो.

सर्वसामान्य शिक्षकाला ही सोय एकट्याने उभी करता येत नाही. दिवसभराचे तास संपवून तो चर्नी रोडच्या जवाहर बालभवनात उपसंचालक कार्यालयापर्यंत एक वेळ पोहोचेल. मंत्रालयात मात्र आता डिजिप्रवेश या ॲपवर नोंदणी आणि चेहरा ओळखणारी यंत्रणा ओलांडून जावे लागते, आणि आत गेल्यावर कोणत्या मजल्यावर कोणते कार्यासन आहे हे ठाऊक नसेल तर रजा फुकट जाते. संघटनेच्या कार्यकर्त्यांना मजले, कार्यासने आणि कक्ष अधिकाऱ्यांचे स्वभावही पाठ आहेत.

संघटनेचे सर्वांत चोख काम मी पाहिले ते टाळेबंदीच्या काळात. १० जुलै २०२० रोजी शासनाने खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या १९८१ च्या नियमावलीत बदल करणारी अधिसूचना मसुदा म्हणून प्रसिद्ध केली. भाषा रूक्ष होती, पण परिणाम मोठा होता. राज्यात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नाही. ज्यांची नेमणूक त्याआधीची आहे, पण ज्यांची शाळा त्या तारखेला शंभर टक्के अनुदानावर नव्हती, त्यांचे काय, हा वाद आधीपासून धुमसत होता. मसुद्यातील बदल पूर्वलक्षी प्रभावाने आला असता, तर या शिक्षकांचा दावा मुळातूनच उखडला गेला असता. मसुदा असल्यामुळे हरकती मागवणे शासनाला भाग होते आणि संघटनेने ती मुदत अचूक हेरली. शाळा बंद, कार्यालये अर्धी रिकामी, लोकल सामान्यांना बंद. तरीही हरकतीचा नमुना भ्रमणध्वनीवर आला, त्यात नाव, नेमणुकीची तारीख आणि शाळेचा अनुदानाचा टप्पा एवढ्याच जागा रिकाम्या होत्या, आणि खाली एक ओळ ठळक अक्षरांत होती की स्वतःच्या प्रकरणाचा एक परिच्छेद प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत लिहावा. एकाच साच्याच्या हजारो हरकती एकच हरकत म्हणून निकाली काढता येतात, हे ज्याने ओळखले त्याला दाद द्यायला हवी. राज्यभरातून सर्वच संघटनांनी रेटा लावला आणि वर्ष संपण्यापूर्वी अधिसूचना मागे घेण्यात आली. हे यश एकट्या आमच्या संघटनेचे नाही, तिच्या वार्षिक अहवालात तसे भासवले असले तरी. पण नुकसान होण्याआधी ते अडवण्याचे काम मोर्चाइतके दिसत नाही आणि म्हणूनच त्याची नोंद येथे सविस्तर केली.

याच निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावर संघटनेने सभासदांशी जो संवाद साधला, तो मात्र निराशाजनक होता. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत १४ मार्च २०२३ पासून राज्यातील सरकारी-निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले. दहावीची परीक्षा चालू होती, पालकांचा रोष अंगावर घेऊन आमच्या शाळेतील बहुतेक जण संपात उतरले. २० मार्चला संप मागे घेतला गेला तेव्हा हाती होते ते आश्वासन आणि निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची एक समिती. त्या रात्री संघटनेकडून आलेल्या संदेशात मात्र गुलाल उधळणारी चित्रे होती आणि 'ऐतिहासिक विजय' असे शब्द होते. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने केंद्राच्या धर्तीवरील एकीकृत निवृत्तिवेतन योजनेला मंजुरी दिली. ती जुनी योजना नव्हे, तिच्यात कर्मचाऱ्याच्या वेतनातून कपात चालूच राहते. आमच्याकडील कितीतरी बाई आणि सर तोवर जुनी पेन्शन परत आली असे समजून होते. प्रश्नाच्या मसुद्यातून विशेषणे खोडणारी संघटना सभासदांना पाठवायच्या संदेशात ती पुन्हा का भरते, हे कोडे मला उलगडलेले नाही.

आता निवडणुकीविषयी. शिक्षक मतदारसंघाची यादी नेहमीच्या मतदार यादीसारखी पुढे चालू राहत नाही, प्रत्येक वेळी ती नव्याने केली जाते. जुन्या यादीत नाव होते म्हणून स्वस्थ बसलेला शिक्षक मतदानाला मुकतो. अर्ज नमुना १९ मध्ये करायचा, पात्रतेची तारीख १ नोव्हेंबर, त्याआधीच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्याहून वरच्या स्तरावर शिकवलेले असावे आणि त्याला मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र जोडावे, अशी ही पद्धत आहे. संघटनेचे कार्यकर्ते यासाठी शाळेत येऊन बसतात, आधार कार्डाच्या प्रती मागतात, स्वाक्षऱ्या घेतात आणि गठ्ठे नेऊन देतात. गंमत अशी की शहरभराच्या मतदार याद्यांसाठी बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून दारोदार फिरणारे शिक्षकच स्वतःचा हा अर्ज भरायचा विसरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे शिक्षकांना देण्याची मुभा ठेवली आहे, आणि संघटनेची निवेदने या मुद्द्यावर वर्षानुवर्षे त्याच त्याच वाक्यांत जात आहेत.

मतदान कसे करायचे याचे प्रात्यक्षिक संघटना देते आणि ते अप्रतिम असते. पसंतीक्रमाच्या मतपत्रिकेवर मत केंद्रातच दिलेल्या जांभळ्या स्केच पेननेच लिहायचे, पहिली पसंती अंकातच लिहायची, 'एक' असे अक्षरात लिहिले किंवा बरोबरची खूण केली की मत बाद. शिक्षकासारख्या शिकलेल्या मतदारांचीही मते बाद होतात हे बाहेरच्यांना खरे वाटत नाही. ज्यांनी आयुष्यभर उत्तरपत्रिकेवर बरोबरची खूण केली, त्यांचा हात मतपत्रिकेवरही तिकडेच वळतो.

मुंबईत कपिल पाटील २००६, २०१२ आणि २०१८ असे सलग तीनदा या मतदारसंघातून निवडून आले. २०२४ मध्ये शिवसेनेच्या उद्धव बाळासाहेब ठाकरे पक्षाचे ज. मो. अभ्यंकर निवडून आले. त्या निवडणुकीची मूळ तारीख १० जून ही उन्हाळ्याच्या सुट्टीत पडली होती, शिक्षक गावी गेलेले असताना मतदान ठेवण्यावर आक्षेप घेतले गेले आणि आयोगाने ते पुढे ढकलून २६ जूनला घेतले. तारीख बदलून घेणे ही बाब वरवर किरकोळ वाटते, पण सोळा हजारांच्या आसपास मतदार असलेल्या मतदारसंघात कोकणात आणि घाटावर गेलेल्या शिक्षकांची मते निकाल फिरवू शकतात, हे जाणत्यांना सांगायला नको.

पण याच निवडणुकीमुळे सेवेचा दर्जा घसरतो. मतदानाच्या आधीचे जवळपास वर्षभर संघटनेचे सर्व मनुष्यबळ नमुना १९ आणि स्नेहमेळाव्यांत गुंतते. या काळात लाल पेनवाल्या सरांच्या खोलीला कुलूप नसते इतकेच. आत गेले तर टेबलावर उमेदवाराच्या पत्रकांचे गठ्ठे असतात. माझ्या एका सहकारी बाईंच्या वैद्यकीय देयकाचा पाठपुरावा नेमका तेव्हाच थांबला आणि निकालानंतर पहिल्या पानापासून पुन्हा सुरू करावा लागला. निवडणूक प्रश्न सोडवण्यासाठी लढवायची असते असे संघटना म्हणते, तर त्या वर्षी प्रश्नांसाठी वेगळी माणसे राखून ठेवणे तिला अवघड नसावे.

दुसरी अडचण याहून खोल आहे आणि तिच्यावर संघटना बोलतच नाही. मतदार म्हणून नाव लागते ते राहत्या पत्त्यावर, शाळेच्या पत्त्यावर नव्हे. मुंबईच्या शाळांत शिकवणारे असंख्य शिक्षक आता विरार, बदलापूर, डोंबिवली, पनवेल येथे राहतात, कारण शिक्षकाच्या पगारात शहरात घर होत नाही. ते कोकण शिक्षक मतदारसंघाचे मतदार ठरतात. त्यांच्या शाळेचा प्रश्न मुंबईच्या शिक्षण निरीक्षकांकडे, त्यांचा पगार मुंबईच्या वेतन पथकाकडून, आणि त्यांचा आमदार मात्र असा, ज्याचा पसारा सिंधुदुर्गापर्यंत आहे. आमच्या शाळेत वर्गणी सगळेच देतात. पण प्रचाराच्या वर्षी मुंबईत घर असलेल्या शिक्षकाला प्रतिनिधी चहा पाजतो आणि नालासोपाऱ्याहून येणाऱ्याला फक्त नमस्कार करतो. प्राथमिक शिक्षकांची गत तर याहूनही वाईट, कारण घटनेनेच मताधिकार माध्यमिक स्तरापासून वर ठेवला आहे. वर्गणीदार आणि मतदार हे दोन गट एकमेकांपासून असे दूर जात असताना संघटनेने दोन्ही मतदारसंघांच्या आमदारांकडे एकच प्रश्न एकाच अधिवेशनात द्यायची पद्धत घालायला हवी होती. मी ती सूचना केली आहे. त्यावर मिळालेले उत्तर पक्षांच्या युतीआघाडीविषयी होते, शिक्षकांविषयी नव्हते.

टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, प्रश्नाने तर संघटनेची कसोटीच लागली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानुसार पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हायचे आहे. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे त्यांना नोकरीत राहता येईल, पण पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक शाळांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपवला गेला आहे. वीस-पंचवीस वर्षे शिकवलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसवणे कितपत न्याय्य, यावर माझे मत इतर सहकाऱ्यांइतकेच तीव्र आहे. पण ही अट ज्या शिक्षण हक्क कायद्यातून आली तो केंद्राचा कायदा आहे, शिक्षकांची पात्रता केंद्राने नेमलेली परिषद ठरवते, आणि त्यात बदल करायचा तर तो संसदेत होईल. संघटनेचे निवेदन मात्र सवयीने विधान परिषदेकडे गेले. मुंबईतून लोकसभेवर सहा खासदार जातात. त्यांच्यापैकी प्रत्येकाला त्याच्या मतदारसंघातील शाळांतील शिक्षकांची तपशीलवार यादी देऊन भेटणे, हे एकेका कार्यकर्त्याचे रविवारचे काम आहे. त्याऐवजी नरिमन पॉइंटला विधान भवनासमोर छायाचित्र काढले गेले. एवढे खरे की परीक्षेच्या तयारीचे विनामूल्य वर्ग संघटनेने दादरला सुरू केले आणि ते चांगले चालले आहेत. बालमानसशास्त्र शिकवणाऱ्या बाई तर फारच तयारीच्या आहेत.

राहिला पैसा. निवडणुकीतील खर्च कोठून होतो, हे वार्षिक सर्वसाधारण सभेतील ताळेबंदावरून समजत नाही. 'संघटन व प्रसार' या एकाच शीर्षाखाली मोर्च्याचे मंडप, वकिलांची फी आणि मेळाव्यांचे जेवण एकत्र बसलेले असते. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने कलम १६ मध्ये याची वाट घालून दिली होती : राजकीय कामासाठी निधी वेगळा, त्यात वर्गणी ऐच्छिक, आणि जो देणार नाही त्याचे इतर हक्क अबाधित. आमची संघटना त्या कायद्याखाली नोंदलेली नाही, असे खजिनदार सांगतात आणि ते बरोबरही असेल. पण चांगला नियम पाळायला कायद्याची सक्ती लागत नाही. शिक्षक मतदारसंघातून उभे राहण्यासाठी उमेदवार शिक्षक असलाच पाहिजे अशी अट नाही, आणि सभासदांत सर्व पक्षांचे लोक आहेत. ज्याला संघटनेच्या उमेदवाराला मत द्यायचे नाही, त्याचीही वर्गणी प्रश्न मांडण्याच्या कामावर खर्च व्हावी, पत्रकांवर नव्हे, एवढी साधी ही मागणी आहे. मी ती लेखी दिली आहे आणि पोच घेतली आहे. पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर ती आली तर पावतीवर दोन वेगळी शीर्षे छापून घ्यावीत, अशी दुरुस्तीही सोबत जोडली आहे. मुंबईच्या जागेची मुदत २०३० मध्ये संपते, त्यामुळे हे बदल करायला हाताशी वेळ पुरेसा आहे.